विचारा तर खरं: दूध फुटलं, केक बसला, क्रीम वितळलं, आता काय करू?

मागच्या अंकात मी ओल्या नारळाच्या वड्यांबद्दल चार ओळी लिहिल्या काय, तेव्हापासून वड्या राहिल्या बाजूला आणि सगळे प्रश्न आले ते नारळाच्या दुधाचे. मला गंमतच वाटली, कारण आपलं सोलापूर म्हणजे शेंगदाण्याचं गाव, आमटीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चटणी तर शेंगांचीच, आणि नारळ आपल्याकडे फुटतो तो देवासमोर. पण आता टेट्रा पॅक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि मोबाईलवर रेसिपी बघून पोरं थाई करी मागतात, त्यामुळे प्रश्न येणारच.

उत्तरं देण्याआधी एकच सांगते, पुढे सगळीकडे तेच येणार आहे. याला नाव दूध आहे पण ते दूध नाही, ते पाण्यात बारीक बारीक थेंबांनी पसरलेलं खोबरेल आहे. म्हशीच्या दुधात फॅट साधारण ६-७ टक्के असतं, फुल फॅट नारळाच्या दुधात १७ ते २० टक्के. म्हणजे तिप्पट. दूध समजून वापरलं की गडबड, तेल समजून वापरलं की निम्मे प्रश्न सुटतात.

ताई, मी व्हेज स्ट्यू केला. भाज्या शिजल्यावर नारळाचं दूध घातलं, झाकण ठेवलं आणि छान उकळू दिलं. दहा मिनिटांनी बघते तर वर तेल, खाली पाणी आणि मधे कण कण. मिस्टर म्हणाले पनीर झालं वाटतं. पॅक खराब निघाला का?
– एक वाचक, विजापूर रोड

पॅक चांगला होता हो, झाकण नडलं. आणि मिस्टरांना सांगा पनीर होणं शक्यच नाही, पनीर ज्याचं होतं ते केसिन नावाचं दुधातलं प्रोटीन नारळात नसतंच. ते कण म्हणजे नारळातलं स्वतःचं प्रोटीन. हे प्रोटीन तेलाच्या थेंबांना धरून ठेवायचं काम करतं, आणि साधारण ८० डिग्रीच्या पुढे ते आखडायला लागतं, अंड्याचं पांढरं आखडतं ना तसंच. त्याने हात सोडला की तेल वर आणि पाणी खाली, याला कोकणात रस फुटला म्हणतात. तुम्ही झाकण ठेवून खळखळ उकळलंत म्हणजे १०० डिग्रीला दहा मिनिटं, कोण टिकणार.

केरळमध्ये यावर जुना उपाय आहे. तिथे एकाच नारळाचं दूध दोनदा-तीनदा काढतात, पहिलं घट्ट, दुसरं पातळ, तिसरं अगदीच पाणचट. भाज्या शिजवायच्या पातळ दुधात आणि घट्ट दूध शेवटी, गॅस मंद करून, कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद. पॅक वापरत असाल तर असं करा, २०० मिलीचा पॅक घ्या, त्यातलं पाव दूध वाटीभर पाण्यात मिसळून त्यात भाज्या शिजवा आणि उरलेलं शेवटच्या दोन मिनिटांत घाला, झाकण नको, आणि डाव एकाच दिशेने फिरवा असं आजी सांगायच्या ते सोडा, कुठल्याही दिशेने फिरवा पण फिरवा. टोमॅटो, चिंच, कोकम असं आंबट काही असेल तर ते आधी शिजवून घ्या आणि दूध नंतर, आंबटाने फुटायला मदतच होते. मग सोलकढी कशी फुटत नाही? कारण ती उकळतच नाहीत, नुसती कालवतात, आणि उरलेली गरम करायला गेलात की फुटतेच, माझी फुटलीय.

फुटलेलं टाकू नका. चमचाभर तांदळाची पिठी गार पाण्यात कालवून घाला आणि मंद गॅसवर ढवळा, किंवा भाज्या बाजूला काढून रस्सा कोमट झाला की मिक्सरमधून फिरवा (गरम फिरवू नका, झाकण उडतं आणि किचनची भिंत रंगते). आणि कुकरला मात्र लावूच नका, कितीही घाई असली तरी.

एक उलटी गोष्ट पण सांगते. थायलंडमध्ये घट्ट मलई मुद्दाम फोडतात, कढईत ती आटवत आटवत तेल सुटेपर्यंत नेतात आणि त्याच तेलात करीचा मसाला परततात. आपण कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला तेल सुटेपर्यंत परततो तोच प्रकार. म्हणजे फुटणं हा गुन्हा नाहीये, कधी फोडायचं एवढंच कळायला हवं.

नमस्कार, मी अंडं आणि डेअरी दोन्ही नसलेला केक करते, ऑर्डर पण घेते. रेसिपीत एक कप दूध आणि अर्धा कप तेल होतं, दुधाच्या जागी एक कप फुल फॅट नारळाचं दूध घातलं. केक मधे बसला, तळाला ओला आणि हाताला तेलकट. ओटीजी नवीन आहे, दोष कुणाचा?
– एक होम बेकर, जुळे सोलापूर

ओटीजीला बिचाऱ्याला काही म्हणू नका. गणित करू, मला यात फार मजा येते. एक कप म्हणजे २४० मिली, त्यात १७ टक्के फॅट धरलं तर ४० ग्रॅमच्या आसपास तेल, म्हणजे जवळपास तीन टेबलस्पून. तुम्ही अर्धा कप तेल घातलंत त्यात हे तीन टेबलस्पून न विचारता आले. आणि दुसरी बाजू लोक विसरतातच, फॅट जास्त म्हणजे पाणी कमी. साध्या दुधात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं, यात बरंच कमी, त्यामुळे मैद्याला पुरेसं पाणी मिळत नाही, बॅटर घट्ट होतं, मग आपण म्हणतो घट्ट झालं म्हणून अजून थोडं नारळाचं दूध घालू, आणि अजून तेल आत जातं. तेलाने जड झालेलं बॅटर फुगतं पण त्याला स्वतःला धरून ठेवता येत नाही, बाहेर काढलं की बसतं.

माझं प्रमाण देते, सात इंची टिनसाठी. दीड कप मैदा, पाऊण कप साखर, एक टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा, चिमूट मीठ हे सगळं चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात एक कप फुल फॅट नारळाचं दूध, त्यात पाव कप पाणी, फक्त दोन टेबलस्पून तेल, एक टेबलस्पून व्हिनेगर. व्हिनेगर वगळू नका, नारळाचं दूध जवळजवळ न्यूट्रल असतं, दह्यासारखं आंबट नाही, सोड्याला काम करायला आंबट लागतं नाहीतर केकला साबणासारखी चव येते. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालेल. दोन्ही एकत्र करा, गुठळ्या मोडल्या की थांबा, जास्त फेटलं तर रबर होतो. आधी गरम केलेल्या ओव्हनमध्ये १७० ते १८० डिग्रीला ३० ते ३५ मिनिटं, पण तुमच्या ओटीजीचं खरं तापमान आणि बटणावरचं तापमान यांची ओळख असेलच असं नाही म्हणून २८व्या मिनिटाला सुई टोचून बघा.

आता दोन गोष्टी ऑर्डरवाल्यांसाठी. एक म्हणजे दूध फ्रिजमधून काढून थेट घालू नका. खोबरेल साधारण २४ डिग्रीला गोठतं, थंड पॅकमध्ये मलईचे गोळे असतात आणि ते केकमध्ये तेलकट भोकं पाडतात. डिसेंबरात तर फ्रिजबाहेर ठेवलेल्या पॅकमध्ये पण गोळे होतात, पॅक कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि जोरात हलवा. दुसरं म्हणजे दुधातली लॅक्टोज साखर यात नाही त्यामुळे वरून रंग फिकट येऊ शकतो, रंगासाठी अजून दहा मिनिटं ठेवलंत तर कोरडा होईल, सुई कोरडी आली की काढा, फिकट तर फिकट. आणि गिऱ्हाईक म्हणालं की नारळाची चव येत नाही तर ते खरंच आहे, भाजल्यावर या दुधाची चव फार मवाळ होते. मूठभर डेसिकेटेड कोकोनट कोरडा भाजून घाला, मग येईल.

आमच्याकडे पाहुणे आले की अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर असं सगळं फिरवून आणतो आणि घरी नारळांचा ढीग होतो, आता अकरा आहेत. याचं दूध काढून ठेवता येईल का? आणि ते पॅकसारखं केकला चालेल का?
– एक काका, अशोक चौक

काका, अकरा नारळ म्हणजे श्रीमंती आहे. आधी एकेक कानाशी धरून हलवा. पाणी वाजलं तर दुधाला छान. वाजलं नाही तर आत एक तर गोटा झालाय, म्हणजे खोबरं सुटून सुकलंय, नाहीतर नासलंय. गोटा चांगला असेल तर कांदा-लसूण मसाल्याला ठेवा, त्यातून दूध कमी आणि तेल जास्त निघतं. फोडल्यावर खवट वास आला तर देवाची माफी मागून टाकून द्या, त्या दुधाची चव पूर्ण पदार्थाला लागते.

खवून घ्या किंवा तुकडे करा, पाठीची तपकिरी साल काढली तर दूध पांढरंशुभ्र येतं, नाही काढली तरी बिघडत नाही. एका मध्यम नारळाला एक कप गरम पाणी, गरम म्हणजे बोट बुडवता येईल इतकंच, उकळतं नको. पाच मिनिटं भिजू द्या, मिक्सरला फिरवा, मलमलच्या फडक्यात घालून पिळा. जुनं धुतलेलं धोतर यासाठी बेस्ट. सोलापुरी टॉवेल घेऊ नका, निम्मं दूध तोच पिऊन टाकेल. हे पहिलं दूध. चोथ्यात पुन्हा कपभर पाणी घालून पिळलं की दुसरं.

केकला चालेल का, तर सरळ नाही, कारण तुमच्या दुधात फॅट किती हे कुणालाच माहीत नाही, नारळागणिक बदलतं. पॅकवर निदान लिहिलेलं असतं. कोडेक्स नावाच्या आंतरराष्ट्रीय अन्न मानकात नुसतं कोकोनट मिल्क म्हणायला कमीत कमी १० टक्के फॅट लागतं, लाईट म्हणायला ५ आणि कोकोनट क्रीम म्हणायला २०, तेव्हा केकसाठी पॅक घेतानाही मागचे आकडे वाचा, पुढचं नारळाच्या झाडाचं चित्र नाही. घरच्या दुधासाठी युक्ती अशी की पहिलं दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर मलईचा थर जमतो आणि खाली पाणी, मलई चमच्याने काढा आणि त्यात खालचंच पाणी थोडं थोडं घालून साईसकट दुधाइतकं सैल करा. अंदाजच आहे पण चालतो, मी केलाय.

टिकण्याचं म्हणाल तर घरचं दूध फ्रिजमध्ये दोन दिवस, त्याच्या पुढे नाही. आपल्या उन्हाळ्यात तर ओट्यावर तासभर विसरलात तरी आंबूस वास यायला लागतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि क्यूब पिशवीत भरून फ्रीझरला ठेवा, महिना-दोन महिने आरामात. सुटल्यावर ते फुटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, मिक्सरला एकदा फिरवा. चोथा टाकू नका, कढईत मंद आचेवर पूर्ण कोरडा होईपर्यंत भाजा आणि शेंगांच्या चटणीत मिसळा. पण पूर्ण कोरडा म्हणजे पूर्ण, जरा ओल राहिली तर आख्खी चटणी बुरसते आणि घरचे माझं नाव घेतील.

मुलीच्या वाढदिवसाला केकवर कोकोनट व्हिप्ड क्रीम लावायचंय. व्हिडिओत पाच मिनिटांत फुगतं. माझं अर्धा तास फेटून ताकासारखं. वाढदिवस १२ मेला आहे.
– एक आई, होटगी रोड

१२ मे. सोलापूर. ताई, मनापासून सांगते, नका करू.

ते २४ डिग्रीचं वर सांगितलंच. क्रीम फुगतं कारण गोठलेल्या फॅटचे कण हवेच्या बुडबुड्यांना धरतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४२-४३, किचनमध्ये पंखा लावला तरी पस्तीसच्या पुढे, फॅट गोठलेलं राहणारच कसं. व्हिडिओवाली बाई एसीत बसलेली असते. शिवाय बऱ्याच पॅकमध्ये ग्वार गम सारखं काहीतरी घातलेलं असतं ज्यामुळे मलई आणि पाणी वेगळं होऊच नये, म्हणजे करीला उत्तम आणि व्हिपिंगला कुचकामी. थंडीत करून बघायचं असेल तर गम नसलेला डबा घ्या, रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा, वरची कडक मलई तेवढी घ्या, भांडं आणि ब्लेडसुद्धा गार, पिठीसाखर घाला आणि दोन-तीन मिनिटंच फेटा.

मेमध्ये गनाश करा, म्हणजे चॉकलेटचा घट्ट लेप. दूध नसलेलं डार्क चॉकलेट २०० ग्रॅम बारीक चिरा, १०० मिली घट्ट नारळाचं दूध कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम करून त्यावर ओता, दोन मिनिटं हात लावू नका आणि मग मधून बाहेर ढवळत जा. जास्त दूध घातलं तर मेमध्ये ओघळेल म्हणून दोनास एकच ठेवा. केक कापायच्या अर्धा तास आधीपर्यंत फ्रिजमध्ये, फोटो पटकन काढा, औक्षण थोडक्यात.

बाबांची बायपास झालीय, नारळाचं दूध चालेल का? आणि भाच्याला दूध पचत नाही, त्याला हे प्यायला देऊ का?
– एक वाचक, भवानी पेठ

बाबांचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, माझ्या कॉलमला नको. मी एवढंच सांगू शकते की नारळाच्या फॅटमधलं साधारण ९० टक्के सॅच्युरेटेड असतं, झाडाचं आहे म्हणून हलकं असं काही नसतं. भाच्याचं म्हणाल तर यात लॅक्टोज नाही हे खरं, खिरीत, केकमध्ये चालेल, पण ग्लासभर रोज दुधाच्या बदल्यात नको कारण कॅल्शियम आणि प्रोटीन दोन्ही फार कमी. तान्हा असेल तर अजिबातच नको, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सूनबाई रत्नागिरीची आहे. चांगली आहे, तक्रार नाही. पण परवा तिने शेंगांच्या आमटीत नारळाचं दूध घातलं. मी काही बोलले नाही, दोन वाट्या खाल्ली आणि झोपले. हे बरोबर आहे का तेवढं सांगा.
– एक सासूबाई, मंगळवार पेठ

काकू, पत्र वाचून मी एकटीच हसत बसले होते.

माझं पहिलं मत तुमच्यासारखंच होतं, शेंगांची आमटी म्हणजे कूट, लसूण, तिखट, चिंच आणि वर लाल तर्री, त्यात नारळ कशाला, दाण्याचं तेल एकीकडे आणि खोबरेल एकीकडे, जिभेवर नुसता थर बसेल. मग आठवलं की थायलंडच्या मस्समन करीत शेंगदाणे आणि नारळाचं दूध एकत्रच असतात, आणि तिथे चिंचही असते. म्हणून परवा करून बघितली. कूट नेहमीच्या निम्मं घेतलं, कारण दोन्ही स्निग्ध पूर्ण घातले तर पिठल्यासारखं जड होतं. चिंच जरा जास्त, ती आधी उकळून घेतली. नारळाचं दूध शेवटी अर्धी वाटी आणि लगेच गॅस बंद. तर्री वेगळी करून वरून ओतली, कारण दुधात तिखट टाकलं की त्याचा तिखटपणा दबतो, फॅटमुळे होतं ते. कडक भाकरी चुरून खाल्ली. चांगली लागली हो, खोटं कशाला बोलू. आमटी नाही वाटली पण चांगली लागली.

तुम्हाला आमटीत अगदीच नारळ नको असेल तर सूनबाईंना सांगा की पुरणपोळी कर आणि सोबत नारळाचं दूध वाढ, गूळ-वेलची घालून, गूळ गार पाण्यात विरघळवून मग मिसळायचा, गरम करायचाच नाही म्हणजे फुटायचा प्रश्न नाही. कोकणात खातात आणि आपल्या शेजारी कानडी घरांतसुद्धा होळिगेबरोबर (म्हणजे पुरणपोळीच) काई हालु, म्हणजे नारळाचं दूध, असतंच, त्यामुळे ते तुम्हाला परकं वाटणार नाही. आमटीचं मात्र मी सुनेच्या बाजूने आहे. दोन वाट्या खाल्ल्याचं तुम्हीच लिहिलंय, काकू.